जुनी पितळी डंपी लेव्हल पुन्हा कामाला लावताना

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या जुन्या सर्व्हे लॅबमध्ये एखाद्या कपाटाच्या तळाशी सागवानी पेटी सापडते आणि पेटीत काळवंडलेली पितळी लेव्हल, म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. पुढे तिचं दोनपैकी एक होतं. कोणीतरी ती घासूनपुसून लखलखीत करतं आणि काचेमागे ठेवतं, नाहीतर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'निर्लेखित' असा शेरा पडून ती किलोच्या भावात जाते. दोन्ही टाळण्यासारखं आहे. काच फुटलेली नसेल आणि स्क्रूचे आटे शाबूत असतील, तर ही लेव्हल पुन्हा रीडिंग देते. सेकंड इयरच्या मुलांना लेव्हलिंग शिकवायला ती ऑटो लेव्हलपेक्षा सरस, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑटो लेव्हलमधला कॉम्पेन्सेटर दृष्टिरेषा आपोआप आडवी करतो, त्यामुळे चूक कुठून आली ते मुलाला दिसतच नाही. डंपीत बबल (द्रव भरलेल्या नळीतला बुडबुडा), धागा (दुर्बिणीत दिसणारी आडवी रेघ) आणि उभा अक्ष यांचं एकमेकांशी असलेलं नातं पिनेने बिघडवता येतं आणि पिनेनेच पुन्हा बसवता येतं.

आधी आपल्या हातात काय आहे ते ठरवा. दुर्बीण उभ्या अक्षाला पक्की जडलेली असेल, उचलून उलटी ठेवता येत नसेल, तर ती डंपी. विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज इंजिनिअरने हा आखूड, जाडसर घाट १८३२ मध्ये आणला. दुर्बीण दोन Y आकाराच्या बेचक्यांत बसवलेली असेल आणि वरच्या पट्ट्या उघडून उचलता येत असेल, तर ती वाय लेव्हल. तिच्या ॲडजस्टमेंटचा क्रम वेगळा असतो, तिला खालची पद्धत लावू नका. डोळ्याच्या बाजूला दुर्बिणीखाली एक बारीक स्क्रू असून त्याने दुर्बीण तेवढी वरखाली होत असेल, तर ती टिल्टिंग लेव्हल.

मग नळीवरचा किंवा पायथ्याजवळचा कोरीव मजकूर वाचा. 'ट्राउटन अँड सिम्स' असेल तर यंत्र १९२२ च्या आधीचं, कारण त्या वर्षी ही कंपनी कुक यांच्याशी एक झाली आणि पुढच्या यंत्रांवर 'कुक, ट्राउटन अँड सिम्स' असं नाव येऊ लागलं. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचा शिक्का असला तर यंत्र सरकारी पुरवठ्यातलं. रुरकीच्या कारागिरांची यंत्रंही आपल्या कॉलेजांत भरपूर आहेत, आणि शिकवण्याच्या दृष्टीने ती विलायती यंत्रांपेक्षा कमी नाहीत. नाव, नंबर, कॉलेजचा कोरलेला डेडस्टॉक क्रमांक, सगळं जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. हा क्रमांक घासला गेला तर पुढच्या पडताळणीत यंत्र 'गहाळ' ठरतं.

साफसफाई

पहिला नियम: चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांतलं काहीही लावायचं नाही. समईला ते ठीक. यंत्राच्या पितळेवर कारखान्यातच लाखेचा पातळ मुलामा दिलेला असतो. तो घासला गेला की उघडं पितळ आपल्या बोटांच्या घामाने महिन्याभरात डागाळतं. शिवाय कोरलेल्या अक्षरांत आणि खुणांत भरलेलं काळं मेण निघून जातं. मुलामा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळाही नको.

मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा. खानदेशातली धूळ म्हणजे काळ्या मातीची बारीक पूड. ती प्रत्येक आट्यात बसते, त्यामुळे आधी झाडणं, मग पुसणं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साध्या साबणाचा एखादा थेंब टाका, सुती कापड त्यात भिजवून घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. पाणी स्क्रूच्या भोकात किंवा बबलच्या घराच्या फटीत जाता कामा नये. हिरवा गंज दिसला तर बांबूच्या कोरलेल्या काडीने खरवडा, ब्लेडने नाही.

फोकसिंगचा गोल स्क्रू घट्ट झालेला असणार. जुन्या दुर्बिणीत तो दातेरी पट्टी पुढेमागे सरकवतो आणि त्याबरोबर पुढच्या भिंगाची नळी आतबाहेर होते. दात्यांत वाळलेलं जुनं ग्रीस मेणासारखं चिकटून बसलेलं असतं. जोर लावला तर दाता तुटतो, आणि तसा दाता बाजारात मिळत नाही. नळी बाहेर येईल तेवढी येऊ द्या, रॉकेलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस काडीला गुंडाळा आणि फक्त दात्यांवर फिरवा. सुटं झालेलं ग्रीस पुसून काढा, पुन्हा फिरवा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब पुरे. स्प्रेचं तेल मारू नका. ते पसरत जाऊन भिंगावर पोचतं, आणि मग प्रत्येक रीडिंग धुक्यातून घ्यावं लागतं. फूट स्क्रूंना, म्हणजे यंत्र समतल करायच्या तळाच्या स्क्रूंना, तर तेलाचा वासही नको, तेलकट आट्यांत धूळ बसली की ती पॉलिश पेपरचं काम करते.

पुढचं भिंग दोन काचा कॅनडा बाल्समने चिकटवून केलेलं असतं. ते घरातून काढू नका, गरम करू नका, उन्हात तापू देऊ नका. कडेला इंद्रधनुषी वर्तुळं किंवा पिवळट डाग दिसले तर काचा सुटू लागल्या आहेत असं समजा. मधला भाग स्वच्छ असेल तोवर काम चालतं. भिंगावर आधी रबरी ब्लोअरने हवा, मग मऊ ब्रश, मग लेन्स टिश्यू, याच क्रमाने. शर्टाचं टोक भिंगाला लावणाऱ्याला लॅबबाहेर काढावं.

बबल आणि धागे

बबलची नळी दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. खुळखुळली तर तिच्या घरातलं प्लास्टर ऑफ पॅरिस सुटलं आहे. अशा यंत्राची कितीही ॲडजस्टमेंट केली तरी ती टिकत नाही, आणि बहुतेक 'बिघडलेल्या' डंपींचं दुखणं इथेच असतं. घर उघडून जुना चुरा काढा, नळी खुणांची बाजू बरोबर वर करून ठेवा आणि ताज्या प्लास्टरने फक्त दोन टोकं धरा. नळी आतून वरच्या बाजूलाच वक्र घासलेली असते, म्हणून ती फिरून बसली तर बबल वेड्यासारखा पळतो. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या.

आता दुर्बिणीतून पांढऱ्या भिंतीकडे बघा आणि डोळ्याकडचं भिंग हळूहळू आतबाहेर करा. काळे धागे ठळक दिसले पाहिजेत. जुन्या यंत्रांत हे खरोखर कोळ्याच्या जाळ्याचे धागे असतात, डायफ्रॅमवर, म्हणजे दुर्बिणीच्या आतल्या पितळी कड्यावर, लाखेने चिकटवलेले. पावसाळ्याच्या ओलीत ते सैल पडतात, झोल येतो, कधी तुटतात.

धागा बदलायचा असेल तर कडं बाहेर काढण्याआधी त्याची कोणती बाजू वर आहे त्याची खूण करा. घरातलं धूळ बसलेलं जाळं कामाचं नाही. लहान कोळ्याने नुकताच सोडलेला एकेरी धागा तारेच्या U आकाराच्या बेचक्यावर गुंडाळून घ्यावा. बेचकं एक इंच रुंद असलं की हात बसतो. धाग्याला ओलसर ब्रशचं टोक लावून किंचित ताणा, म्हणजे वाळल्यावर तो तारेसारखा ताठ राहतो. कड्यावर मूळ कारागिराने सुईने मारलेल्या बारीक चिरा असतात, भिंगातून दिसतात. धागा बरोबर त्या चिरांत उतरवा, दोन्ही टोकांना लाखेच्या द्रावणाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या आणि वाळेपर्यंत बेचकं उचलू नका. कोळी हाती लागला नाही तर नायलॉनच्या मोज्यातून सोडवलेला एक तंतू चालतो. तो थोडा जाड दिसतो, पण सरावाला हरकत नाही.

लेव्हल लावणं

आधी ट्रायपॉड तपासा. आपल्या उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि पायांचे बोल्ट ढिले होतात. एक पाय आडवा होईल इतका उचलून सोडून द्या. तो सावकाश खाली यायला हवा. धाडकन पडला तर नट आवळा, जागचा हललाच नाही तर थोडा सैल करा. टोकाचे लोखंडी खूर हलत असतील तर बाकी सगळी मेहनत वाया.

काळ्या मातीत लेव्हल लावायचीच वेळ आली तर भेगा टाळा. उन्हाळ्यात वरचा थर कडक वाटतो, पण खूर भेगेच्या कडेला पडला की अर्ध्या तासात बबल सरकलेला असतो. पावसाळ्यात तर पाय रुततच जातात. कॉलेजच्या आवारात मुरमाची किंवा डांबरी जागा निवडा. डांबर दुपारी मऊ होतं, हेही लक्षात असू द्या.

जुन्या यंत्रांना चार फूट स्क्रू असतात, नंतरच्यांना तीन. चार स्क्रू असतील तर दुर्बीण समोरासमोरच्या जोडीवर आणा. दोन्ही स्क्रू एकाच वेळी, अंगठे एकतर आत किंवा दोन्ही बाहेर, असे फिरवा. बबल डाव्या अंगठ्याच्या दिशेने जातो. मग दुर्बीण काटकोनात वळवून दुसरी जोडी, आणि पुन्हा पहिली. दोन-तीन फेऱ्यांत बबल दोन्हीकडे मध्ये राहतो. चार स्क्रूच्या यंत्रात एक धोका आहे: मुलं एकच स्क्रू आवळत जातात, तबकडी वाकते, आटे खाल्ले जातात. एक आवळला की समोरचा तितकाच सोडायचा. स्क्रू जड लागला म्हणजे ताण आला, तिथे थांबून समोरचा अर्धा फेरा सोडा. तीन स्क्रूच्या यंत्रात दुर्बीण दोन स्क्रूंना समांतर ठेवून बबल मध्ये आणतात, मग काटकोनात वळवून फक्त तिसरा फिरवतात.

बबल बसला की डोळ्याचं भिंग धाग्यांसाठी जुळवा आणि फोकसिंग स्टाफसाठी, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या पट्टीसाठी. मग डोळा वरखाली हलवून बघा. धागा स्टाफवर सरकताना दिसला तर पॅरॅलॅक्स आहे. एवढं एकच न तपासल्याने एकाच स्टाफवर तीन मुलांची तीन रीडिंगं येतात आणि दोष यंत्राला जातो.

पहिली पक्की ॲडजस्टमेंट: बबल

बबल दोन्ही दिशांना मध्ये आणा आणि दुर्बीण १८० अंश वळवा. बबल जागेवर राहिला तर काम झालं. चार घरं (नळीवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक घर) सरकला, तर त्यातली दोनच घरं खरी चूक आहे. वळवल्यामुळे ती दुप्पट दिसते. म्हणून दोन घरं बबलच्या टोकाशी असलेल्या कॅप्स्टन नटाने, पिन भोकात घालून, परत आणा आणि उरलेली दोन फूट स्क्रूने. पुन्हा वळवा, पुन्हा बघा. एका फेरीत हे कधीच पुरं होत नाही.

कॅप्स्टन नटाला खिळा, कंपासचं टोक किंवा सुई घालू नका. भोकं अंडाकृती होतात आणि पुढे पिन घसरत राहते. मूळ पिन हरवली असेल तर भोकात नेमकी बसेल अशी स्टीलची पिन लेथवाल्याकडून करून घ्या. जळगाव एमआयडीसीत हे किरकोळ काम आहे.

बबलची संवेदनशीलताही याच वेळी मोजून ठेवा. ६० मीटरवर स्टाफ उभा करा. बबल एका टोकाला नेऊन रीडिंग घ्या, मग फूट स्क्रूने बबल चार घरं सरकवून पुन्हा घ्या. समजा फरक ०.०२४ मीटर आला. ०.०२४ ला (४ × ६०) ने भागून २०६२६५ ने (एका रेडियनमधले सेकंद) गुणलं की कोनाचे सुमारे २०.६ सेकंद येतात, म्हणजे एका घराला २०.६ सेकंद. दोन मिलिमीटरची घरं धरली तर नळीच्या वक्रतेची त्रिज्या २० मीटर येते. चांगल्या डंपीला साजेसा हा आकडा आहे.

दुसरी: टू-पेग टेस्ट

त्याआधी धागा आडवा आहे का ते बघा. दूरच्या एका ठळक बिंदूवर धागा धरून दुर्बीण हळूहळू बाजूला फिरवा. बिंदू धाग्यावरून न हटता सरकला तर ठीक. नाहीतर डायफ्रॅमचे चारही स्क्रू जरासे सैल करून कडं फिरवा आणि पुन्हा धरा.

आता ६० मीटर अंतरावर अ आणि ब असे दोन पक्के बिंदू घ्या. मातीतल्या खुंट्यांपेक्षा मोरीचा कठडा किंवा जोत्याचा दगड बरा. लेव्हल बरोबर मध्ये, दोन्हींपासून ३० मीटरवर. समजा अ वर १.४२५ आणि ब वर १.८६० आलं. फरक ०.४३५. दृष्टिरेषा वाकडी असली तरी दोन्ही बाजूंना अंतर सारखं, म्हणून चूकही सारखीच आणि वजाबाकीत ती उडते. हा खरा फरक.

मग लेव्हल ब-अ रेषेवर अ च्या पलीकडे १० मीटर न्या. अ वर १.३१०, ब वर १.७७५ आलं, म्हणजे फरक ०.४६५. खऱ्यापेक्षा ०.०३० जास्त. ६० मीटरला ३० मिलिमीटर, म्हणजे मीटरला अर्धा मिलिमीटर, आणि दूरचं रीडिंग जास्त आल्यामुळे रेषा वर चढते आहे. अ पर्यंत १० मीटर, तिथे चूक ०.००५, बरोबर रीडिंग १.३०५. ब पर्यंत ७० मीटर, तिथे चूक ०.०३५, बरोबर रीडिंग १.७४०. वजाबाकी ०.४३५ येते की नाही ते तपासा, मगच पिन हातात घ्या. पृथ्वीच्या गोलाईची चूक इतक्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहते, ती सोडून द्या.

लेव्हल तिथेच ठेवून, बबल मध्ये असताना, ब वरचं रीडिंग १.७४० होईपर्यंत डायफ्रॅमचं कडं सरकवायचं. रेषा खाली आणायची म्हणजे कडं वर न्यायचं. आधी खालचा स्क्रू पाव फेरा सोडा, मगच वरचा आवळा. उलट केलं तर कडं ताणलं जातं, आज रीडिंग जुळतं आणि उद्या सरकतं. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी कधीच नको. शेवटी अ वरही १.३०५ येतं का ते बघा आणि संपूर्ण टेस्ट पुन्हा करा. फूट स्क्रूला हात लावून रीडिंग जुळवण्याचा मोह मुलांना हमखास होतो. तसं केलं तर बबल बिघडतो आणि पहिली ॲडजस्टमेंट मुळापासून करावी लागते.

शिकवताना एक युक्ती उपयोगी पडते. डायफ्रॅम मुद्दाम थोडा बिघडवून ठेवा, चूक किती ते स्वतःजवळ लिहून ठेवा आणि प्रत्येक गटाला ती शोधायला लावा. पुस्तकातली आकृती तीनदा काढण्यापेक्षा हे पक्कं बसतं.

रीडिंग आणि ऊन

या दुर्बिणीत स्टाफ उलटा दिसतो. आकडे खालच्या बाजूला वाढत जातात, म्हणून वरून खाली वाचायचं. सवय नसलेला मुलगा जवळच्या आकड्यापासून उलट मोजतो आणि १.३७० चं १.४३० लिहितो. खाडाखोड नेमकी अशाच जागी सापडते. पेटीसोबत जुना फुटांचा सॉपविथ स्टाफ असेल तर तो तीन तुकड्यांत उघडून १४ फुटांचा होतो, आणि त्यावरचं लहानात लहान घर ०.०१ फूट, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर असतं. त्याच्या स्प्रिंगची खिट्टी झिजलेली असते. तुकडे पूर्ण उघडून टेपने जोड तपासा, नाहीतर पाच फुटांच्या वरची सगळी रीडिंगं थोडी थोडी खोटी.

मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे सकाळी साडेनऊनंतर लेव्हलिंग करू नये. हवा थरथरते, धाग्याखाली स्टाफची घरं पाण्यासारखी हलतात. दृष्टिरेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या वर ठेवा, थरथर जमिनीलगत सर्वांत जास्त असते. पारा ४४-४५ ला गेला की नळीतलं द्रव प्रसरण पावतं आणि बबल आखूड होतो. घाबरू नका, पण मग मधल्या खुणेवर विसंबू नका, बबलची दोन्ही टोकं वाचा. बबल गरम बाजूकडे सरकतो. नळीच्या एका टोकावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली पडली तर लेव्हल बरोबर असूनही बिघडलेली दिसते. छत्री ही या कामातली चैन नाही.

सराव कशावर द्यावा

मैदानावर गोल फिरवण्यापेक्षा मुलांना पाटावर न्या. धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या काठी फड बागायतीचे जुने पाट आजही आहेत. बंधाऱ्यातून निघालेलं पाणी नुसत्या उतारावर फडाफडांत पोचवायचं, पाटकऱ्याने दार उघडलं की शेवटच्या शेतापर्यंत ते जायला हवं, असा सगळा हिशेब. तिथे दोन सेंटिमीटरलाही अर्थ असतो, म्हणून रीडिंग नीट घ्यायची सवय लागते. पाण्याची पाळी नसताना जा, आणि बांधावरून चालायची परवानगी घेऊनच.

नमुन्यादाखल एक पान. बेंचमार्कची (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेची) आर.एल., म्हणजे पातळी, १००.००० धरली, बॅकसाइट (लेव्हल लावल्यावरचं पहिलं रीडिंग) १.३५०, यंत्राची उंची (दृष्टिरेषेची पातळी) १०१.३५०. पाटाच्या तळावर दर ३० मीटरला रीडिंग: शून्याला १.६२० म्हणजे ९९.७३०, ३० ला १.६५५ म्हणजे ९९.६९५, ६० ला १.६४० म्हणजे ९९.७१०. ९० मीटरचा बिंदू चेंज पॉइंट (इथून लेव्हल पुढे हलवायची), फोरसाइट (हलवण्याआधीचं शेवटचं रीडिंग) १.७२०, आर.एल. ९९.६३०. लेव्हल पुढे नेऊन त्याच बिंदूवर बॅकसाइट १.५४०, यंत्राची उंची १०१.१७०. मग १२० ला १.५७० म्हणजे ९९.६००, आणि १५० ला फोरसाइट १.६१०, आर.एल. ९९.५६०.

पडताळा: बॅकसाइटची बेरीज २.८९०, फोरसाइटची ३.३३०, फरक उणे ०.४४०. शेवटच्या आर.एल.मधून पहिली वजा केली तरी तेच. १५० मीटरमध्ये तळ १७० मिलिमीटर उतरला, म्हणजे साधारण ८८० ला एक. पण ६० मीटरला तळ ३० मीटरपेक्षा १५ मिलिमीटर वर आहे. तिथे गाळ साचलेला असेल किंवा रीडिंग चुकलेलं असेल. आणि हा पडताळा त्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण यंत्राच्या उंचीच्या पद्धतीत इंटरमिजिएट (या दोन्हींच्या मधली) रीडिंगं बेरजेत येतच नाहीत. म्हणून तेच पान राइज अँड फॉलने, म्हणजे लागोपाठच्या रीडिंगांमधला चढ-उतार मांडून, पुन्हा करायला लावा. तिथे प्रत्येक बिंदू मागच्याशी बांधलेला असतो, त्यामुळे आकडेमोडीतली चूक लपत नाही. मूळ रीडिंगच चुकीचं घेतलं असेल तर ते मात्र कोणतीच पद्धत पकडत नाही, त्यासाठी त्या बिंदूवर परत स्टाफ धरावा लागतो.

परतीचं लेव्हलिंग करून बेंचमार्कवर या. सरावाच्या कामाला २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, इतक्या मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. एकूण ३०० मीटरच्या फेरीला तो सुमारे १३ मिलिमीटर होतो. चेंज पॉइंटला स्टाफ मातीवर न धरता लोखंडी फूटप्लेटवर धरा, आणि मागचं व पुढचं अंतर पावलांनी मोजून सारखं ठेवा. ज्या कारणाने टू-पेगमध्ये मध्ये उभं राहिलं की चूक उडते, तेच कारण इथेही.

हरवलेला ट्रायपॉड आणि ठेवण

बऱ्याच पेट्यांचा ट्रायपॉड केव्हाच गायब झालेला असतो, आणि आजच्या ट्रायपॉडचा बोल्ट जुन्या पायथ्याला बसत नाही. यंत्राच्या आट्यांवर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते 'जुळवून' घेणं हा सर्वांत मोठा गुन्हा. ब्रिटिश काळातल्या यंत्रांचे आटे बहुधा व्हिटवर्थ घाटाचे असतात, मेट्रिक टॅप त्यांना कायमचं खाऊन टाकतो. थ्रेड गेजने आटे मोजा आणि मधे बसेल असा पितळी ॲडॉप्टर लेथवर करून घ्या: वरून जुना आटा, खालून नवा. स्टीलचा नको, स्टील पितळेला झिजवतं. बदलायची वेळ आली तर ॲडॉप्टर झिजलेला चालेल, यंत्र नाही.

पेटीत यंत्र एकाच पद्धतीने बसतं. झाकण जोराने दाबावं लागत असेल तर काहीतरी उलटं आहे. पेटीतल्या जागांचा नकाशा काढून झाकणाच्या आत चिकटवा. ठेवताना फूट स्क्रू मधल्या उंचीवर, क्लॅम्प जरासा सैल, भिंगावर टोपी. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी, आणि पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर नाही, वाळवी आधी खालची फळी खाते. पत्र्याच्या छपराखालची स्टोअररूम या यंत्राला सर्वांत वाईट जागा, उन्हाळ्यात बबल आणि भिंगाचा बाल्सम दोन्ही तिथे सोसतात.

झाकणात एक कार्डही ठेवा. प्रत्येक टू-पेग टेस्टची तारीख, मीटरला किती मिलिमीटर चूक निघाली, सुधारून किती उरली आणि कोणी केली, एवढं पुरे. दोन टेस्टच्या मध्ये आकडा थोडाथोडा सरकत असेल तर ते वापराचं लक्षण. एकदम उडी मारली असेल तर आधी ट्रायपॉडचे बोल्ट, मग बबलचं प्लास्टर, शेवटी डायफ्रॅमचे स्क्रू, असं तपासत जा.